कर्करोग-संशोधनाच्या अग्रणी : डॉ. कमल रणदिवे

एखाद्या शास्त्रज्ञाचे मोठेपण आपण बहुधा त्याच्या शोधावरून मोजतो. परंतु काही शास्त्रज्ञ असे असतात की त्यांनी लावलेल्या शोधांइतकेच त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळा, घडविलेले विद्यार्थी आणि विचारलेले प्रश्नही मोलाचे ठरतात. स्वातंत्र्योत्तर भारतात कर्करोग-संशोधनाचा पाया घालणाऱ्या डॉ. कमल जयसिंग रणदिवे या अशा शास्त्रज्ञांपैकी एक. ज्या काळात स्तनाचा कर्करोग हा शब्द घरातल्या घरातही उच्चारला जात नसे, गाठ हाताला लागूनही लज्जेपोटी बायका ती महिनोन् महिने लपवीत आणि अखेरीस उपचारांच्या पलीकडे गेल्यावरच रुग्णालयाची पायरी चढत, त्या काळात एका मराठी स्त्रीने या रोगाचे मूळ शोधण्यासाठी आपले आयुष्य वेचले.

बालपण आणि शिक्षण

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि आई शांताबाई. वनस्पती आणि प्राणी यांच्याकडे कुतूहलाने पाहण्याचा वारसा घरातूनच मिळालेला. आपल्या सर्व मुलांनी, विशेषतः मुलींनी, उत्तम शिक्षण घेतले पाहिजे यावर वडिलांचा कटाक्ष होता. कमलताईंचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १८८४ साली मुलींसाठी सुरू झालेल्या या शाळेने महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात जे स्थान मिळविले, ते अशाच विद्यार्थिनींच्या कर्तृत्वामुळे होय.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच तिचा विवाह व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी यांतील एकही गोष्ट केली नाही. १९३४ साली त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्यासह पदवी मिळविली. त्यानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी पदव्युत्तर अभ्यास केला. सीताफळ-रामफळ ज्या कुळात मोडतात, त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. वरवर पाहता सीताफळाचा आणि कर्करोगाचा काही संबंध दिसत नाही. पण पेशी कशी वाढते, कशी विभागते आणि आपले गुणधर्म पुढच्या पिढीकडे कसे सोपविते, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे. पुढील आयुष्यभर कमलताई याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत राहिल्या.

दरम्यान १९३९ साली त्यांचा विवाह झाला होता. पती जयसिंग त्र्यंबक रणदिवे हे गणिताचे अभ्यासक. विवाह म्हणजे मुलीच्या शिक्षणाला पूर्णविराम, अशी सर्वसाधारण समजूत असण्याच्या त्या दिवसांत पदव्युत्तर शिक्षण कमलताईंनी विवाहानंतर पूर्ण केले आणि त्यात पतीचे मनःपूर्वक साहाय्य त्यांना लाभले. वडिलांनी योजिलेली वाट मुलीने नाकारली, तरी त्यांनी दिलेली जिज्ञासा मात्र तिने आयुष्यभर जपली. पालकांसाठी यात मोठा बोध आहे.

मुंबई आणि डॉ. खानोलकर

विवाहानंतर रणदिवे दांपत्य मुंबईस आले. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. खानोलकर हे माणसे पारखण्यातही निष्णात होते. कमलताई या रुग्णालयात काम करू लागल्या आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करायचा तर त्या शरीराबाहेर, काचपात्रात जिवंत ठेवता आल्या पाहिजेत. या तंत्राला ऊतिसंवर्धन म्हणतात. शरीरातून काढलेला पेशींचा पुंजका योग्य तापमानात, योग्य पोषकद्रव्यात आणि कमालीच्या निर्जंतुक वातावरणात ठेवला, तर तो जगतो आणि वाढतोही; परंतु यांतील एकाही अटीत कसूर झाली तर काही तासांत सारे श्रम वाया जातात. हे तंत्र भारतात तेव्हा रुजलेले नव्हते. डॉ. खानोलकरांच्या प्रोत्साहनाने कमलताई पुढील संशोधनासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि तेथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी १९५१ साली ज्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या आणि पुढे हेला या नावाने साऱ्या जगात पोहोचल्या, ती हीच प्रयोगशाळा.

परदेशात उत्तम सोयी असलेल्या प्रयोगशाळेत स्थिरावणे अशक्य नव्हते. कमलताई परत आल्या. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली होती. त्या केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी करण्यात त्यांचा वाटा मोलाचा होता. पेशींना लागणारी पोषकद्रव्ये आजच्यासारखी तयार बाटल्यांत मागविण्याची सोय तेव्हा नव्हती. ती येथेच सिद्ध करावी लागत. हाताखालच्या माणसांना एकेक कृती शिकवावी लागे. शोधनिबंधाच्या शीर्षकात यांतील काहीच दिसत नाही. परंतु याशिवाय शोधनिबंध जन्मासही येत नाही. १९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी या केंद्राच्या कार्यकारी संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली आणि परदेशी गेलेल्या तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी मायदेशी परतावे यासाठी त्या प्रयत्नशील राहिल्या.

उंदरीण, पिल्ले आणि दूध

कमलताईंच्या संशोधनाचा गाभा म्हणजे स्तनाचा कर्करोग. हे संशोधन समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. उंदरांच्या काही वाणांमध्ये बहुसंख्य माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, तर काहींमध्ये तो क्वचितच आढळतो. साहजिकच हा आनुवंशिकतेचा खेळ असावा असे वाटे. १९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. कर्करोगप्रवण माद्यांची पिल्ले जन्मताच वेगळी करून त्यांनी निरोगी वाणाच्या माद्यांच्या अंगावर पाजली. ही पिल्ले मोठी झाली, तेव्हा त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच घटलेले दिसले. रक्त जन्मदात्रीचे, दूध मात्र दुसरीचे. आणि रोगाचा निर्णय बऱ्याच अंशी दुधाने केलेला! दुधातील या अज्ञात घटकाला दुग्धघटक असे नाव पडले. पुढे तो एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

तथापि केवळ विषाणूवर सारे अवलंबून नव्हते. विषाणू असूनही काही माद्यांना रोग होत नसे. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांमध्ये तो कमी होई. वारंवार गर्भार राहणाऱ्या माद्यांमध्ये अधिक. म्हणजेच आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू अशा तीन धाग्यांचा हा पीळ होता. तो उलगडण्याचे काम कमलताईंनी हाती घेतले. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांच्या पिढ्यान् पिढ्या जोपासून, त्यांच्या नोंदी ठेवून, त्यांतील संप्रेरकांचा आणि गाठींचा संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी या नावाने ओळखला जाणारा स्तन-कर्करोगप्रवण उंदरांचा वाण याच संशोधनाच्या परंपरेतील. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आवर्जून मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. पुढे १९९४ व १९९५ साली मानवातील बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके हाती आली आणि काही कुटुंबांमध्ये हा रोग पिढ्यान् पिढ्या का दिसतो, याचे निश्चित उत्तर मिळाले.

दुधातील विकराची कथा

या संशोधनाला १९७० साली एक अनपेक्षित वळण मिळाले. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे एक नवे विकर, म्हणजेच एन्झाइम, शोधून काढले. सजीवांच्या पेशीत माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे जातो, हे तोवर सूत्र होते. काही विषाणूंजवळ असलेले हे विकर मात्र उलट दिशेने काम करते. ते आरएनएवरून डीएनए लिहिते आणि तो लेख यजमान पेशीच्या जनुकसंग्रहात कायमचा समाविष्ट होतो. उंदरिणीच्या दुधातील विषाणूही याच कुळातला. पाहुण्याने घरात शिरून घराच्या दस्तऐवजातच आपले नाव नोंदवावे, तसा हा प्रकार. शिवाय शरीरातील स्टेरॉइड संप्रेरकांनी या विषाणूचे कार्य बळावते, हेही पुढे उलगडले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तीन धागे एकमेकांत का गुंतलेले होते, याचा उलगडा अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर होऊ लागला.

मग साहजिकच प्रश्न आला : माणसाचे काय? या शोधात मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आला. मुंबईतील पारशी समाज लहान, आपसांत विवाह करणारा आणि शहरातील अन्य समाजांच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला. अमेरिकन शास्त्रज्ञांच्या जोडीने मुंबईच्या संशोधकांनी पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले आणि १९७१ साली त्यांत उंदरांच्या विषाणूसदृश कण दिसल्याचे प्रसिद्ध झाले. मानवी दुधातील अशा कणांत वर उल्लेखिलेल्या विकराची क्रिया आढळल्याचेही त्याच वर्षी जाहीर झाले. साऱ्या जगाचे लक्ष याकडे वेधले गेले. आईच्या दुधातून मुलीला कर्करोग मिळतो की काय, अशी भीतीही निर्माण झाली.

ही भीती निराधार ठरली, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उंदरांत जे सिद्ध झाले ते माणसात सिद्ध झाले नाही. मानवी स्तन-कर्करोग दुधातून पसरतो असा पुरावा पुढील संशोधनात मिळाला नाही. उलट ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००२ साली असे दिसून आले की स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे मातेला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४.३ टक्क्यांनी घटते. आईचे दूध बाळाला पोसते, आणि आईचेही रक्षण करते. एखादी कल्पना कितीही मोहक असली तरी पुरावा नसल्यास ती बाजूला ठेवायची, हे विज्ञानाचे शील आहे. मग त्या कल्पनेच्या पाठपुराव्यात गेलेले श्रम व्यर्थ गेले का? तसे म्हणता येत नाही. उंदरांच्या विषाणूच्या अभ्यासातूनच कर्करोगाला कारणीभूत होणारी काही जनुके प्रथम सापडली.

काचपात्रातील पेशी काय स्रवतात?

ज्या ऊतिसंवर्धन तंत्राची कमलताईंनी भारतात मुहूर्तमेढ रोवली, त्याच तंत्राने स्तन-कर्करोगाचे आणखी एक दालन उघडले. पेशी काचपात्रात वाढत असताना भोवतालच्या द्रवात त्या काय सोडतात, हे तपासता येते. अमेरिकेत १९७०च्या सुमारास एका रुग्ण स्त्रीपासून मिळविलेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशी जगभर या कामी वापरल्या जाऊ लागल्या. फ्रान्समधील मोंपेलिए येथे आंरी रोशफोर यांच्या गटाला असे आढळले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक दिले असता या पेशी एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात. पुढे ओळख पटली, तेव्हा ते कॅथेप्सिन-डी या विकराचे पूर्वरूप निघाले.

निरोगी पेशीत हे विकर पेशीच्या आत, एका बंद पिशवीत असते आणि जुनी प्रथिने मोडून काढण्याचे, म्हणजे घरातील केरकचरा निपटण्याचे काम करते. कर्करोगाच्या पेशीत ते गरजेपेक्षा अधिक तयार होते आणि त्याचे पूर्वरूप उंबरठा ओलांडून बाहेर पडते. प्रथिने तोडणारी अशी स्रवलेली विकरे भोवतालच्या ऊतींची बांधणी सैल करतात आणि गाठीच्या वाढीला व प्रसाराला वाट करून देऊ शकतात. गाठीत हे विकर अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याची शक्यता अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. कमलताई ज्या संप्रेरकांचा माग उंदरांमध्ये काढीत होत्या, त्यांची आज्ञा पेशी नेमकी कशी पाळते, हे अशा रीतीने दृष्टीस पडू लागले. इस्ट्रोजेनची ही आज्ञा पेशीपर्यंत पोहोचू न देणारी औषधे आज असंख्य स्त्रियांना जीवदान देत आहेत.

कुष्ठरोगाकडे वळलेली दृष्टी

ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत कर्करोगाबरोबर आणखी एका उपेक्षित रोगाचाही अभ्यास झाला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही संशोधकांपुढील जुनी अडचण. कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळविलेला एक जंतू वाढविल्याची नोंद बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. हा जंतूही आयसीआरसी याच नावाने ओळखला जातो आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार कमलताईंना लाभला. त्याच वर्षी त्यांना वटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिकही मिळाले. १९८२ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

प्रयोगशाळेबाहेर

विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांच्या वाटेत कोणत्या अडचणी येतात, हे कमलताईंनी अनुभवले होते. बुद्धी आणि पदवी असूनही मूल लहान म्हणून, राहण्याची सोय नाही म्हणून, वा बदली झाली म्हणून अनेकजणी काम सोडतात. १९७३ साली त्यांनी आपल्या सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशी येथील या संघटनेच्या वास्तूत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालते. स्त्री-समानतेवर भाषणे करणे सोपे. पाळणाघर चालविणे कठीण. कमलताईंनी कठीण ते निवडले.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या आदिवासी भागात जाऊन बालकांच्या पोषणाच्या स्थितीची त्यांनी पाहणी केली आणि खेड्यांतील स्त्रियांना आरोग्य व आहार यांविषयी मार्गदर्शन करण्याच्या कार्यात त्या सहभागी झाल्या. उंदरांच्या पिढ्यांच्या नोंदी जितक्या काटेकोरपणे ठेवल्या, तितक्याच काटेकोरपणे त्यांनी या बालकांची माहितीही गोळा केली. ११ एप्रिल २००१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. गाठ लवकर लक्षात आली तर तो बहुधा बरा होतो. मात्र उशीर झाला तर उपचार अवघड होतात. कमलताईंच्या तरुणपणी ज्ञान तोकडे होते आणि लज्जा मोठी होती. ज्ञान आता पुष्कळ वाढले आहे. लज्जा मात्र अद्याप अनेक घरांत तशीच आहे. आपल्या आईला, बहिणीला, पत्नीला वा मुलीला वेळीच तपासणी करून घेण्यास सांगणे आणि सोबत जाणे, एवढे तर प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. पुण्याच्या एका शाळेतून बाहेर पडलेल्या मुलीने ज्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले, त्याच्या उत्तराचा आपला वाटा आपण एवढा तरी उचलावा.